आईला अल्झायमर होता, मी भांगेचे औषध घ्यावे काय?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आणि दवाखान्यातही एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. "आमच्या घराण्यात विस्मरणाचा आजार आहे. आजीला होता, आईला आहे. तो आपल्याला होऊ नये म्हणून भांगेपासून केलेले औषध आधीपासूनच सुरू केले तर चालेल काय?" प्रश्न विचारणारे कोणी नशेबाज नसतात. पंचेचाळीस ते पंचावन्न वयाची, संसारी, नोकरीधंद्यातली ही माणसे असतात. पुण्याला किंवा परदेशात असलेल्या मुलाने मोबाईलवर काहीतरी पाठवलेले असते, नाहीतर टपालाने आलेली तेलाची बाटलीच ते टेबलावर ठेवतात. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी असते. म्हणून या प्रश्नाची "छे, असले काही घेऊ नका" एवढ्यावर बोळवण करणे मला बरे वाटत नाही.

आधी आजाराविषयी. महाद्वार रोडला बाजारहाट करून आल्यावर कोथिंबीर राहिली हे आठवले, तर तो आजार नव्हे. पण ज्या गल्लीत चाळीस वर्षे काढली त्या गल्लीत आपलेच घर सापडेना, रोजचा चहा करताना आधी काय आणि मग काय हे सुचेना, सख्ख्या मुलीला "आपण कोण?" असे विचारले जाऊ लागले, तर मात्र तो स्मृतिभ्रंश. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा अल्झायमर या आजाराचा आहे. डॉ. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली एका स्त्री रुग्णाच्या मेंदूत जे पाहिले ते सभेत मांडले, त्यावरून हे नाव पडले. ती बाई १९०१ साली इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. मेंदूच्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात आणि पेशी मरत जातात. ज्यांनी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट पाहिला आहे, त्यांना डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित आठवत असतील. विद्वत्ता या आजाराला अडवत नाही, हे त्यात नीट दिसते.

हा आपल्याकडचा आजार नव्हे, असे एके काळी समजले जाई. मुंबईतील एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले, पासष्टीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत निघाले होते. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत तर ते जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक ठरले. मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने ६० वर्षांवरील लोकांत ७.४ टक्के, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, त्यामुळे या आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही. तरी माणसे जास्त जगू लागली आणि आजार दिसू लागला, हे कोणत्याही पेठेत फिरले तरी कळते.

आता घराण्याचा प्रश्न. येथे दोन गोष्टींची गल्लत होते आणि बरीचशी भीती त्या गल्लतीतून येते. अल्झायमरचा एक प्रकार खराखुरा आनुवंशिक आहे. त्यात ठरावीक तीन जनुकांपैकी एकात दोष असतो, आजार बहुधा साठीच्या आत, कधी चाळिशीतच सुरू होतो, पिढ्यानपिढ्या दिसतो आणि आई किंवा वडिलांना तो असला तर प्रत्येक अपत्याला येण्याची शक्यता निम्मी असते. पण असे रुग्ण एकूण अल्झायमरच्या रुग्णांत शंभरात एकाहूनही कमी. आपल्याकडे जी आजी पंचाहत्तरीला विसरायला लागली, जी आई ऐंशीला ओळख विसरली, ती बहुतेक वेळा या प्रकारात मोडत नाही.

दुसऱ्या प्रकारात आनुवंशिकता असते, पण ती कलाने चालते. एपीओई नावाच्या जनुकाचा चार क्रमांकाचा प्रकार १९९३ साली या आजाराशी जोडला गेला. आईवडिलांपैकी एकाकडून तो आला तर धोका दोन ते तीन पट आणि दोघांकडून आला तर आठ-दहा पट वाढतो, असे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरील अभ्यास सांगतात. तरीही तो असून कित्येकांना आजार होत नाही आणि नसूनही पुष्कळांना होतो. खाजगी प्रयोगशाळांत ही तपासणी आता पैसे भरून होते. साठीनंतरचा आजार असलेल्या घरात, केवळ धास्तीपोटी ती करून घेऊ नये असे माझे मत आहे. ज्या घरात आजार पन्नाशीच्या आतबाहेर, दोन-तीन पिढ्यांत आला आहे, त्यांनी मात्र मेंदूविकारतज्ज्ञ व आनुवंशिकी समुपदेशक यांच्याशी आधी बोलावे आणि मगच रक्त द्यावे.

आनुवंशिक प्रकारच्या घराण्यांचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, मेडेलिन शहराच्या आसपासच्या डोंगरी भागात आहे. तेथील डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी आयुष्यभर या कुटुंबांचा अभ्यास केला. चव्वेचाळिशीच्या सुमारास विसर पडू लागायचा आणि पन्नाशीत पूर्ण स्मृतिभ्रंश. याच घराण्यांतील २५२ जणांना घेऊन २०१३ सालापासून एका प्रतिबंधक औषधाची चाचणी झाली. कित्येक वर्षे इंजेक्शने, तपासण्या, मेंदूची चित्रे. २०२२ साली निकाल आला तो निराशेचा. आजार टळल्याचे किंवा लांबल्याचे ठोस दिसले नाही. आजार होण्याआधीच औषध देऊन तो टाळता येतो, हे सिद्ध करायला किती माणसे आणि किती वर्षे लागतात, ते यावरून कळावे. भांगेची अशी एकही चाचणी माणसांत झालेली नाही. याच घराण्यातील एका स्त्रीला मात्र तो दोष असूनही अपेक्षेपेक्षा सुमारे तीस वर्षे उशिरा, सत्तरीत विसर पडू लागला. तिच्या अंगी दुसरा एक दुर्मीळ जनुकबदल होता, हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. जन्मजात दोष हा सर्वस्वी ललाटलेख नसतो, एवढे यातून दिसते.

मग भांगेची गोष्ट निघाली कोठून? ती अगदीच हवेतली नाही. भांग-गांजातील नशा आणणारे टीएचसी हे द्रव्य इस्रायलमध्ये १९६४ साली डॉ. राफाएल मेशुलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. हे द्रव्य मेंदूत जेथे चिकटते, तेथे चिकटणारे एक द्रव्य आपले शरीर स्वतःच तयार करते, हे १९९२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत उलगडले. त्याला त्यांनी नाव दिले 'आनंदामाइड', आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून! पुढे २००६ साली अमेरिकेत परीक्षानळीत दिसले की टीएचसी अमायलॉइड गोळा होण्यात अडथळा आणते. २०१६ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या मज्जापेशींतून ते अमायलॉइड कमी करते असे दिसले. २०१७ साली जर्मनीतील बॉन येथे म्हाताऱ्या उंदरांना अल्प मात्रेत टीएचसी दिल्यावर ते तरुणांसारखे शिकू लागले. या बातम्या जगभर छापून आल्या. पण त्याच प्रयोगातील एक गोष्ट बातम्यांत मागे राहिली: तेच औषध दिलेल्या तरुण उंदरांची कामगिरी घसरली होती.

आपला प्रश्न नेमका येथेच अडतो. मेंदूत अमायलॉइड साचायला लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरुवात होते. म्हणजे प्रतिबंध करायचा तर धडधाकट, कामाच्या माणसाने पंचेचाळिशी-पन्नाशीपासून रोज, वीस वर्षे, नशेचे द्रव्य घ्यायचे. स्मरण नोंदवून ठेवणाऱ्या मेंदूच्या भागातच टीएचसीला चिकटायच्या जागा दाट आहेत. भांग चढलेल्या माणसाला वाक्य कोठे सुरू केले ते आठवत नाही, हे शिमग्यात आपण पाहतोच. पुढे कधी येईल अशा विसराच्या भयाने आज रोज थोडे विसरायचे, असा हा व्यवहार होतो.

बरे, नुकसानीचे पुरावे काय म्हणतात? कॅनडातील ऑंटारिओ प्रांतातील लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भांग-गांजामुळे ज्यांना इस्पितळात आणावे लागले अशा ४५ वर्षांवरील लोकांत पुढील पाच वर्षांत स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याचा धोका इतर कारणांनी इस्पितळात आलेल्यांपेक्षा २३ टक्क्यांनी आणि सर्वसाधारण जनतेपेक्षा ७२ टक्क्यांनी जास्त आढळला. यावरून भांगेमुळेच स्मृतिभ्रंश होतो असे म्हणता येणार नाही. ही माणसे बरेच सेवन करणारी होती आणि त्यांचे इतर आजारही होते. पण संरक्षण मिळत असते तर आकडे असे उलटे दिसायला नको होते. याशिवाय नाडी वाढणे, उठताना रक्तदाब उतरून पडणे, रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढणे या गोष्टी उतारवयात क्षुल्लक नाहीत. मांडीचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे पुढे काय होते, ते मी सांगायला नको.

"पण डॉक्टर, आयुर्वेदात तर विजया आहे ना?" असे लगेच विचारले जाते. आहे. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, शोधन करून काही कल्पांत ती वापरतात. मात्र चरकसंहितेत बुद्धी व स्मृतीसाठी जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत ती मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांत विजया नाही. उलट भावप्रकाशात ती मोह आणि मद वाढवणारी म्हटली आहे. आपल्या औषध नियमावलीतही भांग आयुर्वेदातील विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याचा इशारा छापावा लागतो. जाता जाता, आमच्या तालमीतल्या थंडाईचा आणि भांगेचा काही संबंध नाही. बदाम, खसखस, मगजबी, मिरी घोटून पैलवान पितात ती थंडाई निराळी आणि काशीच्या बाजूची भांग घातलेली थंडाई निराळी. बाहेरगावचे पाहुणे यात फसतात.

१८९३-९४ सालच्या इंग्रज सरकारच्या आयोगाचा दाखलाही हल्ली पुष्कळ दिला जातो. त्या आयोगाने ११९३ साक्षीदार तपासले आणि माफक सेवनाने मनावर दुष्परिणाम होत नाही, अतिरेकाने होतो, असा निष्कर्ष काढला. तो अहवाल त्या काळाच्या मानाने फार प्रामाणिक आहे, यात शंका नाही. पण त्याने तपासले ते वेड लागते का, गुन्हे वाढतात का, हे. म्हातारपणीचा विसर हा त्याचा विषयच नव्हता.

हे सगळे कागदावरचे झाले. कागलच्या बाजूचे एक शिक्षक माझ्याकडे आले, वय पन्नाशीचे. आई गेली ती याच आजाराने, आणि आता मावशीला सुरू झाला आहे. "आईचं झालं, मावशीचं झालं, आता माझा नंबर," असे म्हणून त्यांनी खिशातून बाटली काढली. चार महिने जिभेखाली थेंब घेत होते. महिन्याला अडीच हजार रुपये. मी आधी रक्तदाब मोजला, १७०/१००. साखरही वाढलेली. रक्तदाबाची गोळी पूर्वी चालू होती, पण "एवढी औषधे कशाला" म्हणून तेल सुरू केल्यावर त्यांनी ती बंद केली होती. आईला आजार कितव्या वर्षी सुरू झाला असे विचारले तर उत्तर आले, अठ्ठ्याहत्तराव्या. मावशी ऐंशीच्या. मुलीचे लग्न ठरत होते आणि पाहुण्यांना "घराण्यात वेड आहे" असे कळेल, याने ते अर्धे झाले होते. अठ्ठ्याहत्तरीला आलेला अल्झायमर म्हणजे वेड नव्हे आणि तो नातीच्या लग्नाआड यावा असेही काही नाही, हे त्यांना पटायला तीन भेटी लागल्या. तेल बंद झाले, गोळी पुन्हा सुरू झाली. आता रक्तदाब १३० च्या आत असतो.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिले, कारण खरा धोका बहुधा असा असतो. मध्यमवयातला वाढलेला रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखूचे धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, ऐकू कमी येणे, मोतीबिंदू तसाच ठेवणे, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा, अपुरे शिक्षण, हवेचे प्रदूषण अशी चौदा कारणे २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने सांगितली. ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. फिनलंडमध्ये धोका असलेल्या १२६० वयस्कांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असे एकत्र दिले. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा चांगली राहिली, हे २०१५ साली दिसले. एपीओई-चार असलेल्यांनाही तो फायदा मिळाला, हे पुढे २०१८ साली सिद्ध झाले. घराण्याची भीती असलेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. अमेरिकेत रक्तदाब १२० पर्यंत खाली ठेवणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाच्या आधीची पायरी १९ टक्क्यांनी कमी आढळली, पण इतका खाली आणणे प्रत्येकाला सोसतेच असे नाही, ते डॉक्टरांनी ठरवावे.

कानाबद्दल एक शब्द अधिक लिहितो. आपल्याकडे चष्मा लावायला कोणी लाजत नाही, पण कानाचे यंत्र म्हटले की म्हातारी माणसे मान फिरवतात. ऐकू येईना की माणूस बैठकीत बसत नाही, बोलणे तुटते, मेंदूला काम उरत नाही. २०२३ सालच्या एका चाचणीत, ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त होता अशा वयस्कांत यंत्र वापरल्याने तीन वर्षांतील बुद्धीची घसरण जवळजवळ निम्मी झाली. ज्यांचा धोका कमी होता त्यांच्यात मात्र फरक दिसला नाही. तेव्हा ज्या घरात हा आजार आहे तेथे रंकाळ्यावरच्या फेरीइतकेच कानाच्या तपासणीला महत्त्व द्यावे. आणि सध्याच विसर पडत असेल तर बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्या हे आधी पाहावे. ही कारणे बरी करता येतात.

कायद्याची बाजूही माहीत असावी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पाने म्हणजे भांग त्या व्याख्येबाहेर आहे. पण म्हणून महाराष्ट्रात ती मोकळी आहे असे नाही, आपल्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. काशीला किंवा राजस्थानात दुकानात मिळते, म्हणून बॅगेत घालून आणू नये. "औषधासाठी एखादे झाड" म्हणून परसात लावणे तर फारच महागात पडेल. परवान्याविना या झाडाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. २०२१ पासून भांगेच्या बियांचे तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायला परवानगी आहे. त्या तेलात नशा जवळजवळ नसते, आणि त्याने अल्झायमर टळतो याला आधारही नाही. दुकानदार दोन्ही तेलांची नावे मोघम ठेवतो, तेव्हा बाटली नीट वाचावी.

भांगेपासून औषध मुळीच नाही असे मात्र नव्हे. लहान मुलांच्या काही कठीण आकडीच्या आजारांत शुद्ध सीबीडी २०१८ पासून अमेरिकेत मान्य आहे. कर्करोगाच्या औषधांनी होणाऱ्या उलट्यांवर टीएचसीसारखी गोळी तेथे १९८५ पासून आहे. ही औषधे मोजून, यकृताच्या तपासण्या करून देतात.

शेवटी, ज्यांच्या घरात आजारी माणूस आताच आहे त्यांचा प्रश्न. "वडील रात्रभर फिरतात, अंगावर येतात, थोडी भांग देऊन शांत ठेवू का?" हॉलंडमध्ये ५० रुग्णांना तीन आठवडे अल्प मात्रेत टीएचसी दिले, तेव्हा साध्या गोळीपेक्षा अधिक फायदा झाला नाही, हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१९ साली कॅनडात ३९ रुग्णांना नाबिलोन हे त्याच जातीचे औषध दिल्यावर चिडचिड खरोखर कमी झाली, पण गुंगीही वाढली. ब्राझीलमध्ये २४ रुग्णांवर अत्यल्प मात्रेचा प्रयोग झाला आणि एका चाचणीत थोडा फरक दिसला. हे सारे तज्ज्ञांच्या हाताखाली, मोजलेल्या मात्रेत. घरी घोटलेल्या भांगेत किती टीएचसी आहे हे घोटणाऱ्यालाही माहीत नसते. म्हाताऱ्या माणसाचे रात्रीचे फिरणे अचानक वाढले तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, कुठले दुखणे, नवे औषध यांचा शोध घ्यावा. सांगता येत नाही म्हणून ते बिचारे फिरत असते. सीपीआरच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात अशा रुग्णाला दाखवता येते. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, वैद्याची पुडी आणि ती तेलाची बाटलीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावी. सांभाळणाऱ्यालाच असह्य झाले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. बहुतेक घरांत सांभाळणारी सून किंवा मुलगी असते. तिची झोप किती होते, हे मी रुग्णाच्या आधी विचारतो.